चिमीला अंडं घालायचंय!

ही आमची चिमी. बँटम कोंबडी. केवढीशी? एवढीशी! ओंजळीत बसते, तरी ओंजळ भरत नाही.

आणि हा मी. चिमीचा मालक. मला पक्ष्यांतलं सगळं कळतं. असं मी म्हणतो. माझी बायको सुगंधा तसं म्हणत नाही.

मी बाजारात गेलो मिरच्या आणायला. घेऊन आलो कबुतर. गेलो कांदे आणायला. घेऊन आलो कोंबडी. सुगंधा म्हणाली, "अहो, आमटीत आता काय घालू? गुटर्गू?"

एकदा काय झालं, सकाळी सकाळी चिमीला अंडं आलं. आत्ता घालायचं. अगदी आत्ता!

चिमी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. आली आपल्या टोपलीपाशी. बघते तर काय! टोपलीत लक्का!

लक्का म्हणजे लक्का कबुतर. शेपटीचा हा एवढा मोठा पंखा. पंख्याखाली टोपली दिसेचना.

चिमी म्हणाली,
"लक्का लक्का, ऊठ रे!
लक्का उठेल, तर टोपली मिळेल.
टोपली मिळेल, तर अंडं घालीन.
घाई आहे, घाई!"

लक्क्यानं छाती फुगवली. "गुटर्गू! उठणार नाही, जा! माझ्या खोक्यात मखमल बसलीय. मखमल उठेल, तर मी उठेन."

चिमी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. आली खोक्यापाशी.

मखमल म्हणजे सिल्की कोंबडी. पिसं कसली, कापूसच तो. डोक्यावर झिपऱ्या. झिपऱ्या डोळ्यांवर. चिमी उभी इकडं, मखमल बघते तिकडं.

चिमी म्हणाली,
"मखमल मखमल, ऊठ गं!
मखमल उठेल, तर लक्का उठेल.
लक्का उठेल, तर टोपली मिळेल.
टोपली मिळेल, तर अंडं घालीन.
घाई आहे, घाई!"

मखमल भिंतीला म्हणाली, "कुर्र कुर्र! उठणार नाही, जा! माझ्या गोणपाटावर लोटन बसलाय. लोटन उठेल, तर मी उठेन."

चिमी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. आली गोणपाटापाशी.

लोटन म्हणजे लोटन कबुतर. उडणं माहीत नाही. नुसत्या कोलांट्या. गडगड गडगड गडगड! मी त्याला हौसेनं आणला. आकाशात भरारी मारेल म्हणून. हं.

चिमी म्हणाली,
"लोटन लोटन, ऊठ रे!
लोटन उठेल, तर मखमल उठेल.
मखमल उठेल, तर लक्का उठेल.
लक्का उठेल, तर टोपली मिळेल.
टोपली मिळेल, तर अंडं घालीन.
घाई आहे, घाई!"

लोटनला गरगरत होतं. "घुर्र घुर्र! उठणार नाही, जा! माझ्या घमेल्यात काळू बसलाय. काळू उठेल, तर मी उठेन."

चिमी निघाली. आता हळूहळू. पोट जड, अंडं खाली खाली. तुरू... तुरू... आली घमेल्यापाशी.

काळू म्हणजे कडकनाथ कोंबडा. चोच काळी. तुरा काळा. पाय काळे. आज तोंडही फुगलेलं.

चिमी म्हणाली,
"काळू काळू, ऊठ रे!
काळू उठेल, तर लोटन उठेल.
लोटन उठेल, तर मखमल उठेल.
मखमल उठेल, तर लक्का उठेल.
लक्का उठेल, तर टोपली मिळेल.
टोपली मिळेल, तर अंडं घालीन.
घाई आहे, घाई!"

काळू म्हणाला, "कुकूच् कू! उठणार नाही, जा! माझ्या स्टुलावर कोण बसलंय बघ. ते उठतील, तर मी उठेन."

चिमीनं मान वर केली. अजून वर. अजून वर. स्टुलावर कोण?

स्टुलावर मी!

मी चहा पीत होतो. फुर्र, फुर्र.

चिमी म्हणाली,
"मालक मालक, उठा हो!
मालक उठतील, तर काळू उठेल.
काळू उठेल, तर लोटन उठेल.
लोटन उठेल, तर मखमल उठेल.
मखमल उठेल, तर लक्का उठेल.
लक्का उठेल, तर टोपली मिळेल.
टोपली मिळेल, तर अंडं घालीन.
घाई आहे, घाई!"

आणि मला काय ऐकू आलं? "पक् पक् पक् पक्."

"कळलं!" मी म्हणालो. "भूक लागलीय तुला." मी ज्वारी टाकली. चिमीनं ढुंकूनही पाहिलं नाही.

"पक् पक्! पक् पक्!"

"कळलं! तहान लागलीय." मी पाण्याची वाटी ठेवली. चिमीनं वाटीत पाय आपटला. छपाक!

"पक् पक्! पक् पक्! पक् पक्!"

"आता कळलं! माझं गाणं ऐकायचंय." आणि मी गायलो. आऽऽऽ! लोटन कोलांटी मारायचा थांबला. मखमलनं डोकं पंखात खुपसलं.

सुगंधा दारात लसूण सोलत होती. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो शहाणे, तिला काय हवंय, ते शेंबडं पोरही सांगेल!"

"मला नको शिकवू," मी म्हणालो. "मालक मी आहे." आणि पुन्हा चहा. फुर्र.

आता चिमी काय करणार? अंडं थांबेना, मालक उठेना. चिमीनं मारली उडी. टुण्! थेट माझ्या मांडीवर. गोल फिरली. पुन्हा गोल फिरली. पिसं फुगवली. डोळे मिटले. आणि बसली.

"अगं अगं अगं! इथं नको! इस्त्रीचा लेंगा आहे!"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. अंडं! हिला अंडं घालायचंय! चहा सांडला, तर सांडू दे. मी चिमीला उचललं, आणि उठलो ताडकन!

मालक उठला, तर काळू उठला. फडफड फडफड, गेला स्टुलावर.

काळू उठला, तर लोटन उठला. गडगड गडगड, गेला घमेल्यात. ठण्ण!

लोटन उठला, तर मखमल उठली. आणि मखमल चुकली! गेली भिंतीवर. धप्प! पुन्हा चुकली. गेली बादलीत. खण्ण! "अगं इकडं! इकडं!" सगळे ओरडले. "घाई आहे, घाई!" चिमी रडकुंडीला आली. मी धावलो. मखमलच्या झिपऱ्या वर धरल्या. "हां, दिसलं!" म्हणाली, आणि गेली गोणपाटावर.

मखमल उठली, तर लक्का उठला. पंखा सावरत, ऐटीत, गेला खोक्यात.

लक्का उठला, तर टोपली मिळाली!

चिमी टोपलीत शिरली. सगळे गप्प. लक्का गप्प. काळू गप्प. मीसुद्धा गप्प. सुगंधानं लसूण खाली ठेवला.

टप्प!

अंडं! पांढरं पांढरं, गरम गरम, लिंबाएवढं! "पक् पक् पक् पकाक्!" चिमी ओरडली. "पकाक्! गुटर्गू! कुकूच् कू!" सगळे ओरडले. मीही ओरडलो. इतका आनंद झाला मला, की अंडं जणू मीच घातलं!

मग माझे पाय दुखायला लागले. मी काळूला म्हणालो, "काळू काळू, ऊठ रे. मला बसायचंय."

काळू म्हणाला, "उठणार नाही, जा!"

घमेल्यात लोटन. गोणपाटावर मखमल. खोक्यात लक्का. टोपलीकडं नुसतं पाहिलं, तर चिमीनं टोचलं. टोच!

सुगंधा म्हणाली, "बसा की हो, मालक!"

मी बसलो. धप्प! खाली, जमिनीवर.

चिमीचं अंडं टोपलीत,
आणि मालक मातीत!