वासरू वाढले, दावे तेवढेच

त्या वर्षी केरोबा महाराज बोरशिंगे गावी मारुतीच्या देवळामागच्या गोठ्यात उतरले होते. पाटलांनी माडी झाडून ठेवली होती, पण महाराज म्हणाले, "माझी सोबत वासरांशी बरी जमते."

गावात लहानू नावाचा एक भाविक होता. अंबाडीचे दोर वळायचा, गुरांची दावी करायचा. त्याची पाच वर्षांची लेक मैना जन्माला आली तीच कमरेवर लांब केसांचा झुपका घेऊन. मारुतीरायाची शेपटी! दर हनुमान जयंतीला गाव तिला पाटावर बसवी, झुपक्याला शेंदूर लावी.

पण वर्षभरात मैनेचा डावा पाय आत वळू लागला. कपडे पुन्हा ओले होऊ लागले. नर्सबाई म्हणाल्या, "शहरात मोठ्या डॉक्टरांना दाखवा." लहानूने भीत भीत रंगराव पाटलांची परवानगी मागितली. पाटलांनी मिशांवरून हात फिरवला आणि चारचौघांत हसले.

"दोर वळणाऱ्या, देवाच्या शेपटीचं तुला काय कळणार? तिला सुरी लागली तर गावावर कोप होईल. निस्तरशील तू?"

लहानू मान खाली घालून परतला.

जयंती उजाडली. आरती रंगात आली आणि पाटलांच्या हातच्या धुपाटण्यातून एक निखारा मैनेच्या डाव्या पावलावर पडला. चर्र झाले. मैना मात्र केळे खात राहिली.

"बघा, बघा!" पाटील ओरडले. "देवाच्या लेकराला विस्तव लागत नाही! बोला, बजरंगबली की जय!"

चमत्कार झाला, असे गाव म्हणाले. लहानूला तसे वाटले नाही.

इतक्यात गर्दीतून महाराज पुढे आले. त्यांनी तो निखारा बोटांनी उचलून दूर फेकला. बोटे भाजली.

"आई गं!" महाराज कळवळले. मग पाटलांकडे पाहून म्हणाले, "मला चटका बसला. हिला का नाही? असा जयजयकार कसा करवतो रे तुम्हाला?"

पोळलेल्या पावलावर पाणी ओतत महाराजांनी दुसरा हात त्या झुपक्यावर ठेवला. बराच वेळ ठेवला.

"लहानू, कोवळ्या वासराच्या गळ्यातलं दावं वर्षभर सोडलं नाही तर?"

"रुततं, महाराज. वासरू वाढतं. दावं वाढत नाही."

"मग तू काय करतोस?"

"कापतो..." बोलता बोलता लहानू थबकला. त्याने मैनेच्या पाठीकडे पाहिले. डोळे भरून आले.

"जा. कोप झालाच तर माझ्या माथी."

शहरात डॉक्टरबाईंनी पाठीचा फोटो काढला. म्हणाल्या, "बाबा, जन्मापासूनच हिचा मज्जारज्जू खाली चिकटलाय. मूल वाढतंय, तसा तो ताणला जातोय."

"म्हणजे दावंच की!"

बाई चकित झाल्या. "हो, अगदी तसंच! कुणी सांगितलं तुम्हाला?"

लहानूने तिथल्या तिथे हात जोडले.

"बाबा, आता तो सोडवायला हवा. पण गेलेली जाणीव परत येईलच, असं नाही हं."

सहा तास शस्त्रक्रिया चालली. तितका वेळ महाराज गोठ्यात उपाशी बसून होते. वासरांची दावी त्यांनी सोडून टाकली होती. एकही वासरू बाहेर गेले नाही, असे सांगतात.

श्रावणात मैना गावी आली. पायाला पट्टा होता, पण चालत आली! कोप कुठेच झाला नव्हता. पाटील तिच्या पावलावरचा डाग पाहत उभे राहिले. मग पागोटे काढून महाराजांच्या पायांशी वाकले.

महाराजांनी पाय मागे घेतले. "इथं नाही, पाटील. ज्या पायावर विस्तव पडला, तिथं."

रंगराव पाटील धुळीत बसले. दोर वळणाऱ्याच्या लेकीच्या डाव्या पावलावर त्यांनी डोके टेकवले.

मैनेने झटकन पाय ओढून घेतला.

"पाटीलबाबा, मिशा टोचतात!"

लहानू पुढे धावला. "काय म्हणालीस, बाय? पुन्हा म्हण."

"टोचतात म्हटलं ना!"

महाराज खळखळून हसले.

"हं, पाटील. आता करा जयजयकार!"