हार घातलेली होडी

माणूस किनाऱ्यावर यायच्या कितीतरी आधी खाडीतल्या प्राण्यांनी बुडत्यांसाठी एक होडी ठेवली होती. पाणमांजर ती फुकट वल्हवायचं. अध्यक्षपदाचा भार मात्र बगळा एकटा वाहायचा.

एका वर्षी नवी होडी आली. तिला हार घालून सगळे पैलतीरावरच्या प्रमुख पाहुण्यांची, बोकडरावांची, वाट बघत होते. तेवढ्यात खाडीतून "वाचवा" असं ऐकू आलं. पाणमांजर होडी लोटायला धावलं.

"थांब," बगळा म्हणाला. "पाहुण्यांनी नारळ फोडल्याशिवाय होडी पाण्यात जात नाही. पूर्वजांची परंपरा आहे."

"पूर्वज आधी उडी मारायचे," असं पुटपुटत पाणमांजराने उडी मारली आणि बुडणाऱ्याला शिंगाला धरून काठावर ओढलं. ते बोकडरावच होते.

बगळ्याने अदबीने त्यांच्यापुढे नारळ धरला. "फोडा साहेब, म्हणजे होडी बुडत्यांच्या सेवेला मोकळी."