वेशीजवळचे जुन्या पांघरुणांचे दुकान

फार जुन्या काळी, वर्षातले चार महिने बर्फाखाली राहणाऱ्या एका डोंगरी गावात तान्हाई नावाची म्हातारी होती. वेशीजवळ तिचे लहानसे दुकान होते. लोक वापरलेली घोंगडी, रजया, शाली तिथे आणून देत. तान्हाई ती धुई, ठिगळे लावी. ज्याला हवे त्याने ओंजळभर धान्य द्यावे आणि पांघरूण न्यावे. त्या धान्यावर गावातले निराधार जेवत.

एकदा गढीतल्या सरदारीणबाईंना आपली जुनी शाल एका मोळीविकीच्या अंगावर दिसली. त्या संतापल्या.

"यापुढे गढीतला जुना कपडा बाहेर जाणार नाही. जाळून टाका!"

तान्हाई गढीवर गेली. म्हणाली, "बाईसाहेब, ती शाल अजून दहा हिवाळे टिकेल हो."

"आणि मी न् मोळीविकी एकसारख्या दिसू?"

गढीचे पाहून गावही जुने जाळू लागले. दुकानातून घेणाऱ्याला लोक हसू लागले. फळ्या रिकाम्या झाल्या, निराधारांची चूल विझली. तान्हाईने दाराला कुलूप घातले.

पुढल्या वर्षी मेंढ्यांत रोगाची साथ आली. लोकर मिळेना. त्यातच पौषातल्या एका दुपारी गढीला आग लागली. सरदारांनी पाण्याने भिजून आत उडी घेतली, सुनेला आणि तान्ह्या नातीला बाहेर काढले. बाकी सारे जळाले. वरून बर्फ पडू लागला.

सरदारीणबाई दारोदार फिरल्या. "एखादं फाटकं घोंगडं द्या. कसलंही चालेल."

घरोघरी माणसागणिक एकच पांघरूण होते. एक शेजारीण रडत म्हणाली, "जुनं असतं तर दिलं नसतं का? तुमचं बघून आम्हीही जाळलं."

शेवटी तान्हाईने अंगावरचे घोंगडे काढून दिले. सरदारीणबाईंना तिच्याकडे बघवेना. घोंगड्यात सून आणि नात गुंडाळल्या गेल्या. त्या दोघी वाचल्या. ओलेचिंब सरदार शेकोटीपाशीही कुडकुडत राहिले आणि तिसऱ्या दिवशी तापाने गेले. आठवड्याने तान्हाईही गेली.

बर्फ वितळल्यावर सरदारीणबाईंनी दुकान उघडले. त्या स्वतः ठिगळे लावायला बसल्या. लोक कपडे देऊ लागले, न लाजता नेऊ लागले. पण गेलेली दोन माणसे परत आली नाहीत.

मुलांनो, थोरांनो, ध्यानात ठेवा: वापरण्याजोगी वस्तू जो नासवतो, तो कुणाच्या तरी वाट्याचा आधार नासवतो.