पाटाचं सुतक

तुम्ही मंगळवारी आलात, म्हणून पाट कोरडा दिसतोय. बंधारा फुटलेला नाही, नदीही आटलेली नाही. वर चढून बघा, भिंतीमागे पाणी तुडुंब आहे. पाटाच्या तोंडाशी लाकडी फळ्या उतरवल्यात आणि वरच्या फळीला पांढरं फडकं बांधलंय. मंगळवारी आमच्या पिंपळदरच्या पाटाला सुतक असतं. उन्हाळ्यात ऊस करपला तरी त्या दिवशी फळीला कोणी हात लावत नाही.

पाहुण्यांना ही गोष्ट माझा मोठा भाऊ सांगायचा. आता मी सांगतो. त्याच्यासारखी जमणार नाही.

बंधारा नवीन होता तेव्हाची गोष्ट आहे, असं सांगतात. पाटाचं पहिलं पाणी पिंपळदरला मिळायचं, मग खालच्या गावांना. सगळ्यांत शेवटी बाभुळदे, तिथवर पाणी पोचायचंच नाही. त्या बाभुळद्याची ठगू पिंपळदरच्या नथ्थू पाटलाच्या घरी सून म्हणून दिली, तेव्हा तिचा धाकटा भाऊ झिपरू गावभर सांगत सुटला म्हणे, "माझ्या बहिणीला आता पाण्याला जायचं कामच नाही. पाट तिच्या दारातून जातो!"

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खानदेशात लेकी माहेरी येतात. पण एका वर्षी ठगू आली नाही. झोके बांधले, गाणी झाली, तरी आली नाही. झिपरू कोणाला न विचारता उठला आणि पाटाच्या कडेकडेने तिला आणायला निघाला.

पहिल्या दोन गावांत पाट कोरडा होता. तिथे पोरं चिंचेखाली खेळत होती. पुढे जिथे पाटाला ओल लागली, तिथे त्याला एक म्हातारा दिसला. वैशाखाचं ऊन, दगडावर पाय ठेववत नव्हता, आणि म्हातारा अंगणात गोधडी पांघरून दात वाजवत बसला होता. झिपरू हसला. "बाबा, आखाजीत थंडी?" म्हाताऱ्याने गोधडी आणखी आवळून घेतली. पुढच्या घरी दोन गोधड्या होत्या. त्याच्या पुढच्या गावात प्रत्येक दारात. पाणी जसं वाढत गेलं तशा गोधड्या वाढत गेल्या. पाटाकाठी गुरांच्या खुरांच्या खड्ड्यांत पाणी साचलं होतं, त्यात बारीक वळवळे होते, आणि दिवसाउजेडी डास अंगावर येत होते. झिपरूचं हसू कधीच गेलं होतं. तो पळायला लागला.

पिंपळदरला पाटलाच्या ओट्यावर माणसं खाली मान घालून बसली होती. झिपरूने दारातूनच आपल्या बहिणीचं विचारलं, "मनी बहीन कोठे शे?"

ठगूची सासू म्हणाली, "सकाळीच नेली रे, बापा. थंडी वाजत होती, थंडी वाजत होती, आणि गेली."

झिपरू रडला नाही म्हणे. तो दारासमोरच्या पाटाकडे बघत राहिला. पाणी रोजच्यासारखंच खळखळत चाललं होतं.

घरात ठगूची पोर होती, आवडी. तिलाही पाळीचा ताप लागला होता, एक दिवस चांगला जायचा आणि दुसऱ्या दिवशी ती खाटेसकट थरथरायची. झिपरू म्हणाला, "हिला मला द्या. आमच्याकडे पाणी नाही आणि ताप पण नाही. मी आत्ता सगळा पाट बघून आलोय."

नथ्थू पाटील म्हणाला, "पाटलाची नात तुमच्या धुळीत वाढणार नाही. कोरड्या गावचा तू, आमच्या पाण्यावर जळतोस."

"पाट तुमच्या घरचा आहे ना?"

"आमच्याच घरचा. मीच खणून घेतलाय."

"मग घरात मयत झालंय, तुमची चूल बंद आहे. पाट कसा वाहतो?"

एवढं बोलून तो धावत इथे आला, त्याने डोक्याचं फडकं सोडून फळीला बांधलं, सगळ्या फळ्या खाली उतरवल्या आणि त्यांवर बसला. माणसं काठ्या घेऊन आली. "ऊस वाळेल! उठ!" झिपरू म्हणाला, "सुतक फिटू द्या." सुतकात बसलेल्या माणसाला हात कोण लावणार? काठ्या तशाच परत गेल्या.

पाट आटला. काठची ओल गेली, खुरांचे खड्डे तडकले आणि त्यांतले वळवळे वाळून राळ्याच्या दाण्यांसारखे झाले. ऊस पिवळा पडला. पण पाटलाच्या आळीत नवी गोधडी बाहेर आली नाही. आणि एका पाळीच्या दिवशी आवडी थरथरली नाही. तिने उठून भाकरी मागितली.

दहाव्या दिवशी पाटील स्वतः भाकरी घेऊन झिपरूकडे आला. झिपरू फळ्यांना टेकून बसलेला होता. रात्रंदिवस बंधाऱ्याच्या झिरप्याजवळ बसून त्यालाही तोच ताप लागला होता. कोणी बघितलं नाही, कोणी विचारलं नाही. पाटलाने हाक मारली, खांदा हलवला. अंग गार होतं.

बहिणीचा दहावा आणि भावाचं दहन एकाच काठावर झालं. मग चार गडी फळ्या उचलायला आले, पण फळ्या हलेनात. पहार लावली, पहार वाकली. तेव्हा नथ्थू पाटलाने पागोटं काढून जमिनीवर ठेवलं आणि म्हणाला, "ठगू मंगळवारी गेली. दर मंगळवारी माझा पाट तिचं सुतक पाळील. झिपरू, आता उठ." तेव्हा कुठे फळ्या सुटल्या, असं म्हणतात.

आजही सोमवारी दिवस मावळला की पाटकरी फळ्या उतरवतो. खालची गावंही त्या दिवशी पाणी मागत नाहीत.

माझा भाऊ त्याच तापाने गेला. यात पाटाची चूक नाही, पाट सुतक पाळत होता. नव्या रस्त्याला मुरूम काढला, ते खड्डे गावाच्या खालच्या अंगाला उघडेच पडलेत. पावसाने भरलेत. आजारी घरं सगळी त्याच बाजूला आहेत, वरच्या आळीत एकालाही ताप नाही. मी हे चावडीवर ओरडून सांगितलं. आधी लोक म्हणाले, पोरगं दुःखाने पिसाळलंय. मग स्वतः घरं मोजत फिरले आणि त्यांना पटलं.

उद्या त्याचा दहावा आहे. घाटावर जायच्या आधी सगळं गाव कुदळी-घमेली घेऊन खड्ड्यांवर येणार आहे. आईनेच तसं सांगितलंय. ती म्हणते, ते खड्डे बुजल्याशिवाय माझ्या लेकाच्या पिंडाला कावळा शिवायचा नाही.