वस्तादांचं वजन

“झोप लागेल असा एखादा व्यायाम सांगा ना, वस्ताद.”

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. मी ती कुरुंदवाडच्या तालमीत डोळ्यांदेखत पाहिली. म्हणजे मी समोरच्या टपरीवर चहा पीत होतो आणि मधे भिंत होती. पण खरी आहे.

विचारणारा संग्राम भोकरे. वय सव्वीस, पुण्यात नोकरी, पायांत महागडे बूट. याच तालमीत लहानाचा मोठा झालेला.

आणि बाबालाल वस्ताद एकशेचार वर्षांचे, दोन्ही डोळ्यांनी आंधळे. त्यांनी मांडी थोपटली की छपरावरची कबुतरं उडायचं विसरतात.

“झोप कधीपास्नं न्हाई?”

“आठ महिने झाले.”

“आणि भूक?”

वस्तादांनी त्याच्या मानेवर हात ठेवला. तेवढ्यात संग्रामच्या खिशातला फोन थरथरला. आवाज नाही, नुसती थरथर. मान दगडासारखी झाली.

“कोण हाय?”

“कोणी नाही.”

“घरी जाऊन आलास?”

“नाही. दोनच्या गाडीनं परत जायचंय. मी आलो होतो हे आईला सांगू नका.”

वस्तादांनी मानेवरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, “खाली बस. मला खांद्यावर घे.”

जोडीदाराला खांद्यावर घेऊन बैठका मारायची तालमीत रीतच आहे. पण वस्तादांना आजवर कुणी उचललं नव्हतं. जोर काढणारे पैलवान होते तिथंच थांबले.

संग्राम त्यांना खांद्यावर घेऊन उठून उभा राहिला.

“जड हाय का?”

“नाही वस्ताद. पन्नास किलो असाल.”

“बावन्न. आता कर्ज किती, ते सांग.”

कर्जाचं त्यांना कुणीही सांगितलेलं नव्हतं. भिंतीपलीकडं मी हातातला ग्लास खाली ठेवला.

“गाडीचं आहे... फोनचं. कार्डाचं. कार्डाचं फेडायला ॲपवरून घेतलं. ते फेडायला आणखी एका ॲपवरून...”

“नावं न्हाई इचारली. किती?”

संग्रामनं वस्तादांचे पाय घट्ट धरले.

“बेरीज केली न्हाईस?”

“भीती वाटते.”

“चल.”

“कुठं?”

“तुझ्या घरी. मला रस्ता दिसत न्हाई, तूच ने.”

“वस्ताद, पोरगा साहेब झाला म्हणून आईनं गल्लीभर सांगितलंय. हे कळलं तर...”

घोड्याला टाच द्यावी तसे वस्तादांचे गुडघे किंचित दाबले गेले.

संग्राम चालू लागला. मी चहा टाकून मागोमाग निघालो. शिंप्यानं मशीन थांबवलं. पारावरची माणसं उठून उभी राहिली. हसलं कुणी नाही.

पहिल्या वळणावर संग्राम एक आकडा बोलला. मारुतीच्या देवळापाशी दुसरा. पिठाच्या गिरणीपाशी तीन आकडे एकदम. वस्ताद वर बसून मिळवत होते, पुटपुटत, जपमाळ ओढल्यासारखे.

दार उघडंच होतं. त्याची आई, मालन, पिठाच्या हातांनी बाहेर आली. लेकाला पाहिलं, लेकाच्या खांद्यावर वस्तादांना पाहिलं.

“अगं बाई... असं कसं आलासा?”

संग्रामनं मान वर केली.

“किती झालं वस्ताद?”

“चार लाख ऐंशी हजार. तू सांग तिला.”

“आई,” तो म्हणाला, “माझ्यावर चार लाख ऐंशी हजारांचं कर्ज झालंय. आणि मला झोप लागत नाही.”

मालनच्या हातांवरचं पीठ सुकलं. मग तिनं तेच हात त्याच्या दोन्ही गालांना लावले.

“इतकं अंगावर घेऊन आलास... वर आणि वस्तादांना कशाला उचललंस?”

आता कबूल करतो. वस्ताद एकशेचार वर्षांचे नाहीत, ब्याऐंशीचे आहेत. कबुतरं मी घातली. पारावर त्या दिवशी एक कुत्रं सोडलं तर कुणी नव्हतं. बाकी राहिलं मालनच्या प्रश्नाचं उत्तर, ते वस्तादांचं, माझं नाही. खांद्यावरून न उतरताच ते म्हणाले,

“मालन, मी वर बसलो नसतो, तर ह्याला वाऱ्यानं नेलं असतं.”