माळूबाबाची राहिलेली फेरी

ही गोष्ट नेमकी कधीची, ते आता कुणाला विचारू नका. सांगणाऱ्याला ती त्याच्या आज्याकडून मिळाली आणि आज्यालाही त्याच्या आज्याकडूनच मिळाली होती. एवढं खरं, की तेव्हा घाटमाथ्यावर ना सडक होती ना खांबावरचे दिवे, आणि घरं सगळी गवतानं शाकारलेली असायची.

तिथे नांगरदेव नावाचा एक उंच डोंगर आहे. त्याच्या उगवतीच्या अंगाला पायथ्याशी तीन वाड्या. मावळतीच्या अंगाला नुसतं रान, हिरड्याची झाडं आणि माणूस बुडेल एवढं गवत. डोंगराच्या माथ्यावर उघडा कातळ आहे आणि त्या कातळावर दगडांचा एक झाप. झाप म्हणजे आपलं खोपटंच. दोघं आडवे झाले तर तिसऱ्यानं बसून रात्र काढावी, एवढीच जागा. त्या झापात माळू तळपाडे राहायचा.

माळूचं काम वणव्यावर नजर ठेवायचं. एके साली वणव्यात मधली वाडी गुरांसकट जळून गेली होती, तेव्हापासून गावकीनं ठरवलं की होळीपासून मृगापर्यंत माथ्यावर एक राखणदार पाहिजे. त्यानं वणवा पाहिला की कातळावर जाळ करायचा आणि शिंग फुंकायचं. एकदा फुंकलं तर वणवा उगवतीला, दोनदा फुंकलं तर मावळतीला. जाळ दिसला की तिन्ही वाड्यांतल्या धडधाकट माणसांनी असतील तसं उठायचं, हिरव्या डहाळ्या तोडायच्या आणि डोंगर चढायचा.

पण एरवी माथ्यावर विस्तव म्हणून नाही. भाकरीला नाही, चिलमीला नाही, थंडीला तर नाहीच नाही. खालून बघणाऱ्याला काय कळणार, हा शेकोटीचा जाळ की इशाऱ्याचा? आणि माणसं एकदा फुकट डोंगर चढली की दुसऱ्या वेळी कूस बदलून झोपतात. म्हणून ज्या राखणदारानं खोटा जाळ केला, त्यानं शिंग गावकीपुढे ठेवायचं आणि परत वर पाय ठेवायचा नाही, असा नेम होता.

असं म्हणतात, की तीन कोसांवर कुणी चिलीम ओढली तर माळूला तिचा निखारा दिसायचा. असंही म्हणतात, की बिबट्या त्याच्या झापाला लांबून वळसा घालायचा, कारण माळूची नजर त्यालाही सोसायची नाही. आता बिबट्याला कुणी विचारलं, ते सांगणारे सांगत नाहीत. माळूचं खरं बळ त्याच्या फेरीत होतं. अंधार पडला की तो कातळाच्या कडेकडेनं चालायला लागायचा, चारही दिशा बघायचा, झापापाशी येऊन घोटभर पाणी प्यायचा आणि पुन्हा चालायला लागायचा. पहाट होईपर्यंत हेच.

खाली त्याचं काही उरलं नव्हतं. बायको तरुणपणीच गेली, मूलबाळ नाही, घर पडून त्यावर करवंदीची जाळी माजली. त्याच्यापाशी होतं ते एवढंच : एक घोंगडी, शिंग, चकमक आणि त्याचा शब्द. वीस वर्षांत त्यानं अकरा वेळा जाळ केला आणि अकराही वेळा वणवा निघाला. वाडीतली म्हातारी माणसंसुद्धा त्याला माळूबाबा म्हणायची, तो त्यांच्याहून लहान असूनही.

त्या साली होळी होऊन पाचसहा दिवस झाले होते. खालच्या वाडीचा धावजी आपल्या बायकोला, येसूला, माहेरी पोचवायला निघाला. पहिलटकरीण पोर, बाळंतपण माहेरीच व्हायचं. माहेर डोंगरापलीकडे, वाट माथ्यावरून. वाटेतच, मावळतीच्या अंगाला एका घळीत धावजीचा जमिनीचा तुकडा होता. तिथे त्यानं राब रचून ठेवला होता. भाताचं रोप टाकायच्या आधी ती जागा पालापाचोळा आणि शेण पसरून भाजतात, त्याला राब म्हणतात. राब भाजायचा तो सकाळी, वारा निजलेला असताना, आणि राख गार होईपर्यंत त्याच्यापाशी बसून राहायचं. हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं.

धावजीही जाणत होताच. पण सासुरवाडीला चार दिवस मोडणार, मग परत इथवर कोण येणार, म्हणून त्यानं जाता जाता भर दुपारी राब पेटवला. येसू झाडाखाली बसली. राब जळाला, धावजीनं वरून माती लोटली आणि राखेपाशी बसणार तोच येसू म्हणाली, "अवं, चला बिगी. माजं लक्षण काय ठीक न्हाई." धावजीनं राखेकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि बायकोचा हात धरला. कुणीही तेच केलं असतं.

माहेर काही त्यांना गाठता आलं नाही; त्याहून मागचा माथाच जवळ होता. दिवस मावळताना येसूला धरून धरून त्यानं कसंबसं परत माथ्यावर आणलं. माळू पहिल्या फेरीला निघतच होता. त्यानं पोरीचा चेहरा पाहिला, हातातली काठी भिंतीला लावली आणि आपली घोंगडी झापात अंथरली.

"बाबा, हितं बाईमाणूस कोन न्हाई," धावजी रडवेला होऊन म्हणाला.

"मग आता तू आन मी हाय," माळू म्हणाला. "गाईम्हशी सोडवल्यात म्या. तिचं डोकं मांडीवर घे. आन तू रडू नगंस, तिला रडू दे."

माळू दोनदा उठला होता फेरीला जायला, असं म्हणतात. दोन्ही वेळा येसूनं त्याचं मनगट धरलं. "बाबा, जाऊ नगा," एवढंच ती म्हणाली. आणि वीस वर्षांत एकही फेरी न चुकवलेला माळू खाली बसला.

रात्र चढली, वारा सुटला, आणि मूल जन्माला आलं. मुलगी. पण रडेना. अंग गार, ओठ काळेनिळे. माळूनं तिला पालथी धरली, पाठ चोळली, घोंगडीत गुंडाळली. तिनं कसाबसा एक हुंकार दिला आणि पुन्हा गप्प झाली. फाल्गुनातला माथ्यावरचा वारा हाडात शिरतो, आणि झापाच्या दगडांतून तो आत येतच होता.

"बाबा, जाळ करा," येसू म्हणाली. "पोर गार पडतंय माजं."

माळूनं दाराबाहेर पाहिलं. दारासमोर कातळावर इशाऱ्याची लाकडं रचलेली होती, वीस वर्षं तो रोज ती उलटीपालटी करून सुकी ठेवत आला होता. ती पेटली की खालच्या तिन्ही वाड्या धावत येणार. येऊन बघणार तर वणवा नाही. मग शिंग जाणार, झाप जाणार, आणि त्याहून वाईट म्हणजे पुढच्या राखणदाराच्या जाळावर कुणी भरवसा ठेवणार नाही. त्या मोडलेल्या भरवशापायी उद्या एखादी वाडी जळेल, तेव्हा ती कुणाच्या माथी? पण उद्याची वाडी उद्या होती, आणि पोर आता हातात होतं.

सांगणारे सांगतात, की तेव्हा त्यानं डोंगराची क्षमा मागितली. मग चकमक झाडली.

जाळ चांगला पुरुषभर उंच झाला. धावजी मुलीला घेऊन दारात बसला. माळूनं तळहात शेकून तिच्या छातीवर ठेवले, पुन्हा शेकून पुन्हा ठेवले. त्याची पाठ सगळ्या रानाकडे होती. आणि मग ती पोर अशी रडली, की तो आवाज खालच्या वाडीत ऐकू गेला असं म्हणतात.

खाली जाळ दिसला होताच. माणसं डहाळ्या घेऊन निघाली. चढताना जो तो दुसऱ्याला विचारत होता, शिंग का वाजत नाही? गावकीचा म्होरक्या रखमाजी सगळ्यांच्या पुढे होता. तो धापा टाकत कातळावर आला आणि बघतो तर काय, माळूबाबा शेकोटीपाशी मांडीवर पोर घेऊन बसलेला.

"वणवा कुठं हाय?" रखमाजीनं विचारलं.

माळूनं गळ्यातलं शिंग काढून त्याच्यापुढे ठेवलं. "वणवा न्हाई," तो म्हणाला. "म्या पोरासाठी जाळ केला."

कुणी काही बोलायच्या आत मागून कुणीतरी ओरडलं. तो झापाच्या मागे, मावळतीच्या कडेला गेला होता. सगळे तिकडे धावले. खाली घळीतून वणवा वर येत होता. गवत पेटलं होतं, वारा त्याला डोंगरावर रेटत होता, आणि तो माथ्याच्या इतक्या जवळ आला होता, की माणसांच्या तोंडावर त्याची धग लागली. माथा ओलांडला असता तर पलीकडे उतारावर गवत, आणि उताराच्या पायथ्याशी तिन्ही वाड्यांची गवताचीच घरं.

पायथ्यापासून चढून यायला अर्धी रात्र लागते. त्या रात्री मात्र साठसत्तर माणसं आधीच माथ्यावर उभी होती, हातात हिरव्या डहाळ्या घेऊन. ती वणव्याला अशी भिडली, की उजाडेपर्यंत थांबली नाहीत. असं म्हणतात की मुलगी रडली की वारा पडायचा आणि निजली की उठायचा, म्हणून येसूनं तिला पहाटेपर्यंत निजू दिलं नाही. बाळंतिणीनं एवढं केलं असेल का? सांगणाऱ्या बायका म्हणतात, केलं. उजाडलं तेव्हा मावळतीचा उतार काळा पडला होता आणि उगवतीचं एक पातंही जळलं नव्हतं.

मग जे व्हायचं तेच झालं. माणसं माळूच्या पायावर डोकं ठेवू लागली. रखमाजीनं शिंग पुन्हा त्याच्या गळ्यात घातलं. म्हणाला, "बाबा, तुमाला पाठीमागचंबी दिसतंय. वणवा लागायच्या आधी तुमी जाळ केला."

"मला दिसला न्हवता," माळू म्हणाला. "म्या एकपन फेरी मारली न्हवती. फेरी मारली असती तर घळीतच दिसला असता, अन् निम्म्या मेहनतीत विझला असता."

माणसं हसली. केवढा हा माणूस, आणि केवढा लीनपणा! तो जसजसं खरं सांगू लागला, तसतसा तो त्यांच्या नजरेत मोठा होऊ लागला. शेवटी धावजी पुढे आला. घळीतला राब आपला, राख गरम टाकून आपण आलो, हे त्यानं सांगितलं. तेव्हा चारदोघे त्याच्या अंगावर धावले. माळू मध्ये उभा राहिला.

"ह्याची राख ऱ्हायली, माजी फेरी ऱ्हायली," तो म्हणाला. "मारायचं तर दोघांस्नी मारा. ह्येनं बायकोकडं बघितलं, म्या पोराकडं बघितलं. डोंगराकडं कुनीच बघितलं न्हाई."

त्यावर मात्र कुणाला हसू आलं नाही. धावजीला कुणी हात लावला नाही.

त्या दिवशी माळू खाली उतरला आणि पुन्हा वर जाईना. गावकी विनवण्या करून थकली. चैत्र तोंडावर आलेला, रान वाळून कोळ झालेलं, माथ्यावर राखण नाही. रखमाजी रोज यायचा. म्हणायचा, बाबा, तुम्हाला काय पाहिजे ते मागा. नवव्या दिवशी माळूनं मागितलं.

"मला जोडीदार पाहिजे."

"तुमाला? तुमाला तर समदं दिसतं!"

"रखमाजी," माळू म्हणाला, "त्या रातीवानी पोर पुन्यांदा आलं, तर म्या पुन्यांदा जाळ करनार. पुन्यांदा फेरी चुकनार. तुमी नशिबावर किती साल जगनार? मानसाला डोळं दोन, पन ते एकाच बाजूला बघत्यात. मला दुसरा मानूस द्या, न्हाईतर दुसरा माळू बघा."

गावकीनं माणूस दिला. पहिला जोडीदार धावजीच गेला, आपण होऊन. दोघांनी मिळून पुढे कितीतरी उन्हाळे काढले. माळूबाबा कधी आणि कसा गेला, याच्या तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही वेगळ्या आहेत. एकीत तर तो धुरासारखा वर निघून गेला. पण मरेपर्यंत कुणी त्याच्या दिव्यदृष्टीचं कौतुक केलं की तो भयंकर चिडायचा, यावर तिन्हींचं एकमत आहे. चिडून उपयोग काही झाला नाही. लोक अजूनही दिव्यदृष्टीच सांगतात.

पण त्यानं मागितलेलं त्यांनी मोडलं नाही. आजही होळी झाली की तिन्ही वाड्यांतून पाळीपाळीनं दोघं जण नांगरदेवावर राहायला जातात. एकटं माणूस पाठवत नाहीत, मग ते कितीही नजरेचं असो. एकानं रात्रभर कातळाच्या कडेनं फेरी घालायची, रानाकडे बघायचं, आणि झापात काय चाललंय तिकडे वळूनही बघायचं नाही. दुसऱ्यानं झापात घोंगडी अंथरून, पाण्याची घागर भरून दाराशी बसायचं. वाट चुकलेला, आजारी, दमलेला, कुणी आला तर त्याच्याकडे बघायचं, वणवा दिसला तरी त्याला सोडून उठायचं नाही.

त्या रात्रीपुरतं दोघांतल्या एकाला माळू म्हणतात. नवखा माणूस हमखास फेरीवाल्याला माळूबाबा म्हणून हाक मारतो. तो ओ देत नाही, नुसता झापाकडे हात करतो. माळू तो, जो आत बसलेला असतो. बहुतेक रात्री कुणीच येत नाही. तरी तो जागा असतो.