डोंगराचा मळ

फार फार वर्षांपूर्वी, आठ महिने बर्फाखाली राहणाऱ्या एका डोंगरगावात एक मुलगी दूरदेशी शिकून परतली. झऱ्यावरचा उतार निळ्या फुलांनी भरलेला दिसेल, असं तिला वाटलं होतं. दिसला तो उघडा खडक, खाली गढूळ झरा आणि उतारावर खुरपी घेऊन बसलेला सारा गाव.

तिथली रीतच होती. बर्फ वितळला की खडकाला चिकटलेली चपटी, ओलसर हिरवी साय खरवडायची, आणि देवीसाठी निळ्या फुलांची रोपं लावायची. त्या सायीला ना मूळ, ना फूल. लोक तिला डोंगराचा मळ म्हणत.

“रोपं दुप्पट लावा, मुळं माती धरतील,” मुलगी आवेशाने म्हणाली. गावाने दुप्पट उतार सोलला. चार दिवसांनी बर्फाचं पाणी उतरलं, आणि सगळी रोपं मातीसकट झऱ्यात आली.

मुखिया म्हणाला, “आणखी एकदा असं झालं की झरा बुजेल. मग गाव सोडावं लागेल.”

एखादं रोप कुठे वाचलंय का, ते शोधत मुलगी कड्यावर चढली. तिथे एक म्हातारी बकऱ्या चारत होती.

“काय शोधतेस गं, शिकलेले?”

“फुलं.”

“ती काय बकऱ्या आहेत चुकायला? ती बघ.”

खुरपं पोचत नव्हतं अशा कपारीत निळी फुलं डोलत होती. मुलीने एक रोप हलकेच उचकटलं. त्याची मुळं खडकात नव्हतीच. ती सायीत होती, आणि सायीखाली बोटभर ओली माती होती.

“माझ्या लहानपणी ही साय तळहाताएवढी होती,” म्हातारी म्हणाली. “आता घोंगडीएवढी झालीय.”

“मग गावाला सांगितलं का नाही, आजी?”

“सांगितलं की. म्हणाले, म्हातारीला मळ आवडतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी लोक उरलेली साय खरवडायला पुन्हा खुरपी घेऊन आले. मुलगी उतारावर आडवी उभी राहिली.

“उतार माझ्या सांगण्यावरून सोलला गेला. चूक माझी. माती मुळं नाही, ही साय धरते. आजपासून इथे खुरपं चालणार नाही.”

“आणि देवीला फुलं?” मुखियाने विचारलं.

“देवी थांबेल. मी कपारीतली साय थोडी थोडी आणून इथे बसवीन, रोज पाणी घालीन.”

“किती वर्षं?”

“म्हातारी होईपर्यंत.”

मुखियाने एकदा गढूळ झऱ्याकडे पाहिलं. मग त्याने खुरपं खाली ठेवलं आणि पाण्याची घागर उचलली.

फुलाचं कौतुक जरूर करावं, पण ते ज्याच्या आधाराने उभं असतं, त्याला मळ समजून खरवडू नये.